‘शू आली का?’ असं विचारूच नका: पाळणाघरातलं पॉटी ट्रेनिंग

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलण्यातलं बरंचसं तसंच ठेवलंय.)

जेवत असाल तर आधी जेवून घ्या, मग प्ले दाबा. कारण आजचा अख्खा भाग शी आणि शूबद्दल आहे आणि मी काहीही आडून-आडून बोलणार नाहीये.

मी डोंबिवलीत राहत्या घरातच पाळणाघर चालवते. बारा-तेरा वर्षं झाली. दोन खोल्या आणि हॉल, एक इंडियन संडास, एक कमोड, एका वेळी जास्तीत जास्त सात मुलं आणि मदतीला एक मावशी. मुलं मला काकू म्हणतात. त्यांचे आईबाबाही काकूच म्हणतात. त्यातले काही माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच लहान आहेत, पण असो. सकाळी सातपासून बेल वाजायला लागते. एका खांद्यावर मूल, दुसऱ्यावर लॅपटॉपची बॅग, खाली रिक्षा थांबलेली, आणि चप्पल न काढताच दारातून वाक्य येतं, "काकू, याला आता शिकवायला हवं ना हो? जूनमध्ये नर्सरी आहे!"

हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. फेब्रुवारीत हळू आवाजात, एप्रिलमध्ये जरा मोठ्याने आणि मे महिन्याच्या शेवटी रडकुंडीला येऊन.

तर पहिली गोष्ट, शब्द. मूल माझ्याकडे येतं तेव्हा मी फॉर्मवर लसीकरण, ॲलर्जी, फोन नंबर वगैरे घेते, आणि त्याखाली एक ओळ असते: घरी शू आणि शीला काय म्हणता? लोक हसतात. पण विचार करा, एका घरात शू, दुसऱ्यात सूसू, तिसऱ्यात नंबर वन. शीला कुणी पॉटी म्हणतं, कुणी छीछी, कुणी टूटू. माझ्याकडे एक मुलगी होती, ती शू आली की "गाडी, गाडी" म्हणायची. कारण घरच्या पॉटी चेअरला गाडीचं स्टिअरिंग होतं. तिच्या आईने हे आधीच लिहून दिलं होतं म्हणून बरं, नाहीतर आम्ही तिला खेळण्यातली गाडी देत बसलो असतो आणि ती बिचारी तिथेच उभी राहून ओली झाली असती. दीड-दोन वर्षांच्या मुलाकडे शब्दच मोजके असतात. त्यातला इतका महत्त्वाचा शब्द समोरच्या माणसाला कळत नसेल, तर ते सांगणं सोडून देतं.

आता आजीचा मुद्दा. प्रत्येक घरात एक आजी असते आणि ती म्हणते, "आमच्या वेळी सहा महिन्यांची पोरं सांगायची. तुमचं काय ते डायपरचं खूळ!" आजी खोटं बोलत नाही. आपल्याकडे बाळाला दोन्ही पावलांवर बसवायचं, पाठीला गुडघ्यांचा आधार द्यायचा आणि तोंडाने "शूऽऽ शूऽऽ" असा आवाज करायचा, ही पिढ्यान् पिढ्यांची पद्धत आहे. बाळ त्या आवाजाला, त्या बैठकीला सरावतं आणि शू करतं. हल्ली परदेशात याच गोष्टीला ‘एलिमिनेशन कम्युनिकेशन’ असं भारदस्त नाव आहे आणि त्याच्यावर पुस्तकं निघतात. पण त्यात खरं शिकलेलं कोण असतं? आजी! बाळ दूध प्यायलं की किती मिनिटांनी, झोपून उठलं की लगेच, तोंड कसं लाल होतं, पाय कसे वर घेतं, हे सगळं आजीच्या डोक्यात पक्कं बसलेलं. शिवाय अंगात झबलं, खाली लंगोट आणि दुपटी. ओलं झालं की बाळालाही कळायचं आणि मांडीवर घेतलेल्यालाही. मुख्य म्हणजे घरात दिवसभर कुणीतरी त्याच्यासाठी मोकळं असायचं. सहाव्या महिन्यात मुलाला शू रोखून धरता येत नव्हती, मोठ्यांना ती ओळखता येत होती. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

आणि डायपर बरोबर याच्या उलट काम करतो. ओलं झालेलं मुलाला कळूच नये, इतकं चांगलं शोषून घेतो. जितका महाग डायपर, तितकं कमी कळतं. मी डायपरच्या विरोधात नाही हं. डोंबिवलीहून अंधेरीला नोकरीला जाणाऱ्या बाईला मी दुपट्यांवर भाषण देणार नाही. फक्त आपण पैसे कशाचे देतोय ते माहीत असावं.

मूल तयार झाल्यावरच शिकवा, घाई करू नका, हा जो सल्ला तुम्हाला प्रत्येक पेरेंटिंग रीलमध्ये मिळतो ना, तो अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ डॉक्टर ब्राझेल्टन यांच्यापासून जास्त पसरला. १९६२ साली त्यांनी अकराशेहून जास्त मुलांच्या नोंदींवरून लेख लिहिला. त्यात मुलं दिवसा कोरडी राहायला लागली ती सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांना. म्हणजे सव्वादोन वर्षांच्या थोडं पुढे. गंमत अशी की पुढे नव्वदच्या दशकात हेच डॉक्टर मोठ्या मुलांच्या मोठ्या साइजच्या डायपरच्या जाहिरातीत दिसले आणि तिकडे त्याच्यावर बराच वाद झाला. त्यामुळे सल्ला खोटा ठरत नाही. पण ‘थांबा’ म्हणजे किती थांबा, याच्यात कुणाचा तरी धंदाही असतो, एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर आजी आणि डॉक्टर दोघांच्या मध्ये कुठेतरी. दीड वर्षाला ओळख करून द्यायची, दोनच्या आसपास मूल बघून सुरुवात करायची, आणि तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत कुणाच्याही पोटात गोळा यायचं कारण नाही.

मूल बघून म्हणजे काय बघायचं? सगळ्यात आधी, दोन तास कोरडं राहतंय का. दोन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण ९० ते १२० मिलीलिटर मावतं. म्हणजे एक छोटी वाटी. ती वाटी दर अर्ध्या तासाला सांडत असेल, तर अजून त्याला धरून ठेवता येत नाहीये. मग, शी करताना लपतंय का? पडद्याआड, सोफ्यामागे, दाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहणारं मूल आपल्याला सांगत असतं, की मला आतून काहीतरी कळतंय आणि मला जरा एकांत हवाय. मला हे लक्षण फार आवडतं. पडद्याआड जाणारं मूल संडासात जायला फार दिवस लावत नाही. आणि तिसरं, चड्डी स्वतःची स्वतः खाली करता येते का. हे शेवटचं लोक विसरतात.

चड्डीवरून आठवलं. कपडे! डुंगरी, बटणाची जीन्स, नाडीची जॉगर पँट, मुलींना टाइट लेगिंग आणि वर फ्रॉक. दिसायला गोड. पण मुलाला शू आलेली कळते आणि शू होते, यांच्यामध्ये सुरुवातीला अर्धा मिनिट असतो. अर्ध्या मिनिटात डुंगरीचे हुक काढून दाखवा मला. इलॅस्टिकची सुती हाफ पँट, पाच-सहा नग, स्वस्तातल्या. आणि चपलांचा एक जादा जोड, कारण शू खाली जाते आणि चपला ओल्या होतात, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

याच कारणासाठी मी जुलै-ऑगस्टमध्ये नवीन मूल सुरू करत नाही. आमच्याकडे त्या दिवसांत रुमाल वाळायला दोन दिवस लागतात, चड्ड्या कुठून वाळणार? शिवाय गारठ्यात मुलं शू जास्त करतात. खरा मोसम म्हणजे होळीपासून मेपर्यंत. मुलं उघडीवाघडी चालतात, फरशी पटकन सुकते, चड्डी गॅलरीत तासाभरात कडक. फक्त पाणी भरपूर पाजायचं. घामाने शू कमी होते, ती घट्ट आणि जळजळणारी होते, आणि एकदा दुखलं की मूल आठवडाभर पॉटीच्या जवळ येत नाही.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ. "शू आली का?" हे विचारायचं नाही. दोन वर्षांच्या मुलाला कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर ‘नाही’. भात हवा? नाही. बाहेर जायचं? नाही. मग चप्पल घेऊन दारात उभं. हे ‘नाही’ म्हणजे नकार नाही, त्याला नुकताच सापडलेला आवडता शब्द आहे. त्यामुळे माझ्याकडे प्रश्न नसतो, वेळ असते. आल्याआल्या. नाश्त्यानंतर. खाली बागेत जायच्या आधी. जेवणानंतर, झोपायच्या आधी. उठल्याउठल्या. आणि आईबाबा यायच्या आधी. "चला, शूची वेळ झाली," एवढंच. सगळे उठतात. ज्याला होईल त्याला होईल, ज्याला नाही तो उठून येतो. पाच मिनिटांपेक्षा जास्त कुणालाही बसवायचं नाही.

यातल्या ‘नाश्त्यानंतर’ आणि ‘जेवणानंतर’ला कारण आहे. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं. मोठ्यांनाही सकाळचा चहा झाल्याशिवाय होत नाही ना, तेच! खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी बसवलं तर शी होण्याची शक्यता सगळ्यात जास्त. एवढं एक जमवलं तरी तुमचं अर्धं काम झालं.

आणि पाळणाघराला घरापेक्षा एक मोठा फायदा आहे, तो म्हणजे बाकीची मुलं. तीन वर्षांची ताई रुबाबात जाऊन बसते, मगने पाणी ओतते, हात धुते, परत येते. दोन वर्षांचा दादला दारातून बघत असतो. तिसऱ्या दिवशी तो आपला शेजारच्या पॉटवर चड्डीसकट जाऊन बसतो! (हसते.) बसू दे. मी त्याला काहीही शिकवलेलं नसतं. एकुलत्या एका मुलाला घरी हे बघायला कोण मिळणार?

बरं, एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, तरी बोलते. पॉटवर मोबाइल नाही. मला माहितीये, घरी फोन लावून दिला की मूल वीस मिनिटं गपचूप बसतं. पण ते बसतं, करत नाही. डोळे आणि डोकं त्या कार्टूनमध्ये, आणि पोटातून जो निरोप येतोय तो ऐकायला कुणी घरातच नाही. आपण त्याला नेमकं काय शिकवतोय? आतला निरोप ओळखायला. मग त्याच वेळी बाहेर ढोल वाजवून कसं चालेल? एक बाबा मला म्हणाले, "काकू, मीसुद्धा फोन घेऊनच जातो." म्हटलं, तुमचं ट्रेनिंग झालंय हो, याचं व्हायचंय.

भीती हा एक मोठा विषय. इंडियन संडासाचं भांडं मोठ्या माणसाच्या मापाचं. दोन वर्षांच्या मुलाला तिथे पाय फाकवून बसणं म्हणजे विहिरीच्या काठावर बसण्यासारखं. कमोडवर बसवलं तर पाय लोंबकळतात. पाय टेकलेले नसले की पोटाला जोर देता येत नाही, तुम्ही स्वतः पाय उचलून करून बघा. म्हणून कमोडला लहान सीट हवी आणि पायाखाली पाट. आपला देवघरातला नको, दुसरा. किंवा सरळ जमिनीवरचा छोटा पॉट. तो बसायला सगळ्यात बरा, कारण त्यात मूल उकिडवं बसतं आणि ती बैठक पोट साफ व्हायला चांगलीच. फ्लशचा आवाज, एक्झॉस्ट फॅन, बंद अंधारी खोली, यातल्या एकेका गोष्टीने मुलं आठवडे-आठवडे अडून बसतात. फ्लश मूल बाहेर गेल्यावर करायचा. काहींना उलट तो स्वतः करायचा असतो, त्यांना करू द्या. शीला टाटा करणारी मुलंही मी बघितलीत. मुलगा असेल तर आधी बसूनच शिकवा. उभं राहून नेम धरणं हा पुढचा वर्ग.

आता जरा गंभीर बोलते. मागे माझ्याकडे एक मुलगा होता, पावणेतीन वर्षांचा. शू व्यवस्थित सांगायचा. जूनमध्ये नर्सरी सुरू झाली. शाळेने, नाव घेत नाही, स्पष्ट सांगितलेलं, डायपर चालणार नाही. आईबाबांनी मेमधल्या जोडून आलेल्या सुट्टीत ‘तीन दिवसांत पॉटी ट्रेनिंग’ केलं. ही कल्पना नवी नाही. १९७४ साली अमेरिकेत ॲझ्रिन आणि फॉक्स नावाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी एका दिवसाच्याही आत शिकवायचं पुस्तक काढलं होतं, ते धडाधड खपलं. काही मुलांना तसं जमतंही. याला शू जमली. शी मात्र एकदा शाळेत वर्गात झाली. कुणीतरी नाक धरलं, कुणीतरी ओरडलं, पोरं हसली. त्या दिवसापासून त्याने शी करणंच थांबवलं.

चार दिवस, पाच दिवस. जेवणानंतर तो भिंतीशी जायचा, चवड्यांवर उभा राहायचा, पाय आवळायचा, घामाघूम व्हायचा. आईला वाटायचं, बिचारा जोर लावतोय पण होत नाहीये. नीट बघितलं तर तो जोर लावतच नव्हता, सगळी ताकद लावून आत धरून ठेवत होता. हे वाक्य परत ऐका हवं तर. चवड्यांवर उभं राहून पाय आवळणारं मूल बहुतेक वेळा शी रोखत असतं. आत राहिली की शी सुकते, कडक होते, मग खरंच दुखते. दुखली की अजून रोखायची. असं चक्र. आणि दोन-तीन आठवड्यांनी नवीनच प्रकार सुरू झाला, चड्डीला दिवसातून चार-पाच वेळा थोडी-थोडी पातळ शी लागायची. आता घरचे म्हणाले, हा मुद्दाम करतोय. जुलाब झाले म्हणून कुणी केळं आणि ताकभात सांगितला. हा मुद्दामही करत नव्हता आणि जुलाबही नव्हते. आत दगडासारखा गोळा अडकला की त्याच्या बाजूने पातळ शी झिरपते. मुलाला ती कळतही नाही, थांबवता तर येतच नाही. अशा मुलाला लोक धपाटे घालतात, मला सांगायला वाईट वाटतं.

मी त्यांना म्हटलं, मला औषधातलं कळत नाही, आजच्या आज मुलांच्या डॉक्टरांकडे जा. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, आधी ते साफ करायचं औषध दिलं आणि मग शी मऊ ठेवायचं औषध बरेच महिने चालू ठेवायला सांगितलं. पालक दोन आठवड्यांत ‘झालं बरं’ म्हणून ते बंद करतात आणि सगळं पुन्हा मूळपदावर येतं, हेही त्यांनी बजावलं. दूध अर्ध्या लिटरच्या आत. हा मुलगा सकाळी एक, दुपारी एक, रात्री झोपताना एक अशा बाटल्या पीत होता. मग पोळी-भाजीला पोटात जागा कुठली? आणि शीपुरता डायपर परत दिला. आईला तो पराभव वाटला. पण आम्ही तो संडासात उभा करून द्यायचो. पहिल्यांदा संडासात उभं राहून डायपरमध्ये, मग पॉटवर बसून डायपरमध्ये, मग एक दिवस त्यानेच ओढून काढला. दिवाळी उलटून गेली होती.

मधल्या काळात शाळेत जाणं बंद, वर्षाची फी भरलेली. आईने नोकरी सोडायचं जवळजवळ नक्की केलं होतं, रजेचा अर्ज टाइप करून ठेवलेला. कारण घरात सगळ्यांचं एकमत, की आई घरी नाही म्हणून हे झालं. बाबांना असं कुणी म्हटलं नाही. मी त्या आजींना एवढंच म्हटलं, आजी, हा शिकलाय माझ्याकडेच आणि थांबलाय वर्गात, यात हिची ऑफिसची वेळ कुठे आली? आजी काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशीपासून त्या स्वतः दुपारी अंजीर भिजवून पाठवायला लागल्या.

म्हणून आमच्याकडे मावशींना पहिल्या दिवशी सांगितलेलं असतं, ‘शी शी, घाण’ म्हणायचं नाही. ‘एवढा घोडा झालास’ नाही. ‘त्या ताईला बघ, ती कशी शहाणी’ तर मुळीच नाही. चड्डी ओली झाली की, "ओली झाली? चल, बदलू या." संपलं. चॉकलेटही नाही. दोन वर्षांच्या मुलाला हिशेब फार लवकर कळतो, मग ते थेंब-थेंब शू करून पाच चॉकलेटं वसूल करतं. खरं सांगते!

आणि फोटो नाही. "काकू, पहिल्यांदा पॉटवर बसला, एक फोटो पाठवा ना ग्रुपवर!" नाही पाठवणार. मुलाचा उघडा फोटो माझ्या फोनमध्ये नको, ग्रुपवर नको, कुणाच्या आत्याच्या स्टेटसला नको. मी फक्त वहीत लिहिते, साडेनऊला शू, दहा वाजता शी, मऊ. संध्याकाळी ज्याचं त्याला सांगते. याच्याच जोडीला, कुठल्याही पाळणाघरात मूल घालताना विचारा, मुलाला संडासला कोण नेतं, कपडे कोण बदलतं, त्या वेळी दार उघडं असतं का, घरातले इतर कोण-कोण असतात. माझ्या घरात हे काम मी आणि मावशी, तिसरं कुणी नाही, माझे अहोही नाहीत. आणि हा प्रश्न विचारल्यावर कुणी रागावलं, तर ते पाळणाघर तुमचं नाही.

स्वच्छतेचं भरभर सांगते. साबण आणि पाणी, मुलाचेही हात आणि आपलेही, दर वेळी. शीचे हात सॅनिटायझरने भागत नाहीत. मुलींना पुढून मागे पुसायचं, मागून पुढे नाही, नाहीतर लघवीच्या जागी जंतूंचा संसर्ग होतो. ज्याचा पॉट त्याचा. हिपॅटायटिस ए ही कावीळ शीतून पसरते, लहान मुलांत पुष्कळदा तिची लक्षणंही दिसत नाहीत, पण तीच मोठ्या माणसाला महिनाभर आडवं करते, त्यामुळे हे मावशींच्या जिवाशीही जोडलेलं आहे. डायपरमधली शी आधी संडासात टाकायची, मग डायपर गुंडाळून कागदात, आणि कागदावर लाल ठिपका. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने हा लाल ठिपका रुजवला, म्हणजे ते पुडकं कुणी उघड्या हाताने सोडत नाही. कचरा वेगळा करणारे हातही कुणाच्या तरी आईचे असतात.

सोमवारचं एक दुखणं असतं. शुक्रवारी मूल चार वेळा सांगून जातं, सोमवारी सगळ्या चड्ड्या ओल्या. शनिवार-रविवार मॉल, लग्न, मामाकडे, सगळीकडे डायपर. मी रागावत नाही. लोकलच्या गर्दीत, घाटात अडकलेल्या एसटीत मुलाला ‘थांब’ म्हणण्यात अर्थ नाही, घाला डायपर. फक्त त्याला वेगळं नाव द्या, ‘प्रवासाची चड्डी’. आणि घरी आल्यावर, चप्पल काढायच्या आधी तो काढा. बाकी नवीन बाळ येणार असेल, घर बदलताय, मूल नुकतंच पाळणाघरात आलंय, ताप येऊन गेलाय, गणपतीला गावी जायचंय, तर सुरुवात पुढे ढकला. धाकटं भावंडं आल्यावर शिकलेलं मूलही विसरतं. दोन महिने विसरू द्या.

कुणी म्हणेल, हे सगळं आईनेच करायला हवं. बाळंतपणाच्या रजेचा कायदा २०१७ साली बदलला, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी २६ आठवडे पगारी रजा. म्हणजे सहा महिने. सहा महिन्यांच्या बाळाला बसताही येत नाही नीट! पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी, हेही त्याच बदलात आलं आणि आईला दिवसातून चारदा तिथे जायची मुभा आहे. तुमच्या ऑफिसात आहे का, विचारून बघा. मात्र बाळाला लोकलमधून ऑफिसपर्यंत न्यायचं कसं, हे कायद्यात नाही. म्हणून गल्लोगल्ली माझ्यासारख्या काकू.

शेवटी तुमच्या मेसेजमधले दोन प्रश्न. पहिला, रात्रीचं काय? रात्र शिकवता येत नाही. झोपेत लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदू एक संप्रेरक सोडतो, ती व्यवस्था काही मुलांत उशिरा बसते, आणि ती बऱ्याचदा घराण्यातून येते. बाबांच्या आईला फोन करून विचारा, गुपितं बाहेर पडतील. पाच वर्षांच्या मुलांत साधारण पंधरा टक्के मुलं रात्री गादी ओली करतात. रबराची शीट घाला, झोपायच्या आधी शू, आणि मध्यरात्री उठवून अर्धवट झोपेत नेण्याचा हट्ट सोडा.

दुसरा प्रश्न एका आत्याचा होता. भाची साडेचार वर्षांची, वर्षभर कोरडी होती, गेल्या पंधरा दिवसांत दिवसाही चड्डीत होतंय आणि सारखं पाणी मागते. ताई, तुम्हाला मी वेगळा मेसेज केलाच आहे, इथे सगळ्यांसाठी सांगते. शू करताना रडणं, ताप, लघवीला घाण वास, दिवसभर थेंब-थेंब गळत राहणं, यासाठी डॉक्टर. आणि पूर्ण कोरडं झालेलं मूल अचानक ओलं व्हायला लागलं, त्याच्या जोडीला खूप तहान, खूप शू आणि वजन उतरतंय असं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि रक्तातली साखर तपासा. लहान मुलांनाही मधुमेह होतो आणि तो कित्येकदा असाच, ओल्या चादरीतून पहिल्यांदा कळतो. उद्यावर टाकू नका.

पुढच्या भागात दुपारची झोप: कोण झोपतं, कोण झोपायचं नाटक करतं आणि कोण बाकीच्यांना उठवतं. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पण एक मिनिटाच्या आत, माझ्याकडे सात मुलं आहेत. चला, बेल वाजली.